बर्नच्या पाळणाघरात ‘डेन’ सापडत नाही: जर्मन बोलींतल्या विभक्ती गेल्या कुठे?

आरेकाठी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

पुण्यात जर्मन शिकत होते तेव्हा आमच्या बाईंनी पहिल्याच महिन्यात डेर-डेन-डेम-डेस रामरक्षेसारखं घोकून घेतलं होतं. कुत्रा भुंकतो तर ‘डेर हुंड’, मी कुत्रा पाहिला तर ‘डेन हुंड’, कुत्र्याला बिस्कीट दिलं तर ‘डेम हुंड’, कुत्र्याचं शेपूट तर ‘डेस हुंडेस’. ‘डेन’च्या जागी ‘डेर’ लिहिलं की अर्धा मार्क गेला. माझे असे गेलेले मार्क गोळा केले असते तर आणखी एक परीक्षा पास झाले असते.

मग लग्न होऊन स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आले आणि आता तीन वर्षं एका पाळणाघरात काम करतेय. इथली पोरं बर्नची बोली बोलतात, पुस्तकी जर्मन त्यांना शाळेत गेल्यावर भेटतं. पहिल्या आठवड्यात एक पोरगा खिडकीशी उभा राहून ओरडला, ‘ड्र हुंग इश दा!’ म्हणजे कुत्रा आलाय (इकडे हुंडचा हुंग होतो). थोड्या वेळाने मला सांगायला आला, ‘इ हा ड्र हुंग ग्सेए’, मी कुत्रा पाहिला. मी वाट बघत राहिले की आता ‘डेन’ येईल, निदान त्याच्यासारखं काहीतरी येईल. नाही आलं. भुंकणारा कुत्रा ‘ड्र हुंग’ आणि पाहिलेला कुत्राही ‘ड्र हुंग’. मला वाटलं पोर लहान आहे, चुकतंय. मग त्याची आई आली, तीही तसंच. आजोबा न्यायला आले, तेही तसंच. ज्याच्यासाठी मी अर्धे अर्धे मार्क घालवले ती द्वितीया या गावात नाहीच!

चतुर्थी मात्र ठणठणीत आहे. कुत्र्याला बिस्कीट द्यायचं तर ‘एम हुंग’, तिथे कोणी चुकत नाही, अडीच वर्षांचं पोरही नाही. आणि षष्ठी? ती तर मुळातच गायब, तिचं कामही चतुर्थीकडूनच करून घेतात. रोज संध्याकाळी खुंटीवरचे कोट वाटताना आमचा संवाद असा असतो:

‘वेम सीनी याग्गे इश दास?’ (कोणाला त्याचं जॅकेट आहे हे?)
‘एम लूका सीनी!’ (लूकाला त्याचं!)

लूकाचं नाही, ‘लूकाला त्याचं’. पहिले काही दिवस मला हसूच यायचं.

सर्वनामांत मात्र ‘मला पाहिलं’ आणि ‘मला दिलं’ यांत अजून फरक करतात. माझी एक सहकारी इथल्याच व्हालिस प्रांतातल्या डोंगरी गावची आहे, ती म्हणते तिची आजी षष्ठी अजून अस्सल वापरते, आणि बर्नच्या लोकांना ती बोली अर्धी कळतच नाही.

तर प्रश्न असा: एकाच भाषाकुळात एका गावात द्वितीया मेली, दुसऱ्यात षष्ठी जिवंत, हे कसं? आणि जर्मन, डच, इंग्लिश, स्वीडिश या सगळ्या बहिणी, त्यांच्या बोलींत कोणाचं काय झालं? जिथे राहता तिथलं सांगा. ऐकलेलं सांगा, विकी चिकटवू नका.

कट्ट्यावरचा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. षष्ठीला आमच्याकडे चा-ची-चे म्हणतात, चहा चालेल.

बर्लिनकर

ताई, तुमच्याकडे द्वितीया प्रथमेत विरघळली. आमच्याकडे ती चतुर्थीला जाऊन मिळाली.

‘मला पाहिलं’ला पुस्तकी जर्मन ‘मिश’ म्हणते आणि ‘मला दिलं’ला ‘मीर’. अस्सल जुना बर्लिनकर दोन्हीकडे ‘मीर’ म्हणतो. इथे म्हणच आहे: बर्लिनवाला नेहमी ‘मीर’ म्हणतो, बरोबर असलं तरी! ही म्हण मला कळायला सहा महिने लागले. ‘चूक असलं तरी’ म्हणायला हवं होतं ना, असं मी ऑफिसात विचारलं आणि सगळे हसले. मग डोक्यात प्रकाश पडला. तो नियम म्हणून नाही, सवय म्हणून ‘मीर’ म्हणतो, त्यातले काही बरोबर निघतात हा निव्वळ योगायोग.

कारण मजेशीर आहे. हे गाव मुळात लो जर्मनचं, म्हणजे उत्तरेकडच्या सपाट मुलखातल्या जर्मनचं. तिथे ‘मला’साठी दोन्ही अर्थी एकच शब्द, ‘मी’. (आपला मी नव्हे, अर्थ मला!) १६व्या शतकात शहराने दक्षिणेकडची प्रतिष्ठित जर्मन उचलली, तेव्हा लोकांना कळेना की आपल्या एका ‘मी’चे हे दोन तुकडे कुठे कुठे लावायचे. ज्यांच्या घरच्या भाषेत तो फरक नव्हता त्यांच्या तोंडात तो बसलाच नाही.

आणि यातही गंमत बघा. त्याच लो जर्मनमध्ये ब्राउनश्वाइगच्या बाजूला दोन्ही अर्थी ‘मिक’ म्हणतात. ‘मी’ ही जुनी चतुर्थी, ‘मिक’ ही जुनी द्वितीया. दोन्हीकडे विलीनीकरण झालं, फक्त पाटी एकीकडे चतुर्थीची राहिली, दुसरीकडे द्वितीयेची. बँकांसारखं.

महाराष्ट्री

शाळेतला विभक्तीचा तक्ता आठवा. द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते. सातवीत मी बाईंना विचारलं होतं की प्रत्यय तेच आहेत तर दोन विभक्ती कशाला? ‘अर्थ वेगळा आहे’ हे उत्तर आणि एक धपाटा मिळाला. म्हणजे आपण सगळे जन्मजात बर्लिनकरच आहोत, फक्त तक्ता संस्कृतचा उचललेला.

पण ‘कुत्रा आला’ आणि ‘मी कुत्रा पाहिला’, इथे आपण बर्नकर! कर्मही प्रथमेसारखंच. ‘कुत्र्याला पाहिलं’ म्हटलं की पुन्हा बर्लिन. एका वाक्यात दोन शहरं.

चतुर्थी आणि षष्ठी यांचं साटंलोटंही ओळखीचं आहे. प्राकृतात बहुतांशी चतुर्थी गेली आणि तिचं काम षष्ठीने उचललं. आपल्या ‘रामास’मधला स हा ‘रामस्य’मधून आला असं सर्वसाधारणपणे मानतात, म्हणजे जी वस्तू एकेकाळी ‘रामाची’ होती ती आता ‘रामास’ देतो. बर्नमध्ये गाडी उलटी गेली, षष्ठी पडली आणि चतुर्थीने तिची जागा घेतली. एकूण काय, ‘त्याला दिलं’ आणि ‘त्याचं झालं’ यांत अंतर फार नाही, दोन्हीकडे एकमेकांच्या घरात जाणं-येणं आहे.

सायकलस्वार

नेदरलँड्समधून. मी स’हेर्तोखनबॉस नावाच्या गावात राहतो. लोक ‘डेन बॉस’ म्हणतात कारण आयुष्य लहान आहे. या नावातच दोन विभक्ती पुरल्यात: सुरुवातीचा तो लटकता स’ म्हणजे जुन्या षष्ठीच्या ‘डेस’चं शेपूट (ड्यूकचं रान), आणि ‘डेन बॉस’मधला न हाही जुन्या विभक्तीचाच. हेग शहराचं डच नाव ‘डेन हाख’, तिथेही तोच न. आज डचमध्ये नामाला विभक्ती नाही. गावांच्या पाट्यांवर मात्र थडग्यासारखी आहे.

तशीच ती वेळेच्या शब्दांत उरलीय. सकाळी म्हणजे ‘स-मॉर्खन्स’, संध्याकाळी ‘स-आव्होंट्स’. षष्ठीच. महाराष्ट्री, तुमच्यासाठी: ‘सकाळी’, ‘रात्री’, ‘घरी’मधली ई ही जुनी सप्तमीच ना? वेळ सांगणारे शब्द माळ्यावरच्या ट्रंकेसारखे असतात, जुनं सगळं तिथे सापडतं.

आता खरी गोष्ट. डच लिहिताना विभक्तीचे न विसाव्या शतकापर्यंत लावायचे. बोलण्यातून ते केव्हाच गेले होते, पण शाळेत पोरांना लिहावे लागत, कुठला शब्द पुल्लिंगी हे कोशात बघून. १९४७ च्या शुद्धलेखन कायद्याने ही सक्ती गेली. म्हणजे माझ्या घरमालकाच्या आजोबांनी शाळेत जे न घोकले ते त्यांच्या स्वतःच्या आजोबांच्याही तोंडात नव्हते!

आणि एक विभक्ती तर इथे चक्क कागदावर तयार केली. ‘त्यांना’साठी ‘हेन’ आणि ‘हुन’ असे दोन उच्चार चालत, कुठल्याही अर्थाने. १६२५ मध्ये क्रिस्टियान फान हूले नावाच्या व्याकरणकाराने ठरवलं की ‘हेन’ द्वितीयेला आणि ‘हुन’ चतुर्थीला. लॅटिनमध्ये फरक आहे, मग आमच्या भाषेत का नको? चारशे वर्षं झाली, माझे डच सहकारी अजून ईमेल पाठवण्याआधी एकमेकांना विचारतात की इथे हेन की हुन. मी परदेशी, तर मलाच विचारतात, कारण मी परीक्षेसाठी पाठ केलंय. आणि दरम्यान बोलणाऱ्यांनी काय केलं? ‘हुन’ला थेट कर्ता करून टाकलं. ‘हुन हेबन’, म्हणजे ‘त्यांना आहेत’च्या थाटात ‘ते’. हे ऐकलं की इथल्या मराठी शाळेच्या, चुकलो, डच शाळेच्या मास्तरांच्या कपाळाची शीर उडते.

ब्राबांट आणि अँटवर्पकडच्या बोलीत अजून वेगळंच. तिथे जुन्या द्वितीयेचा न प्रथमेतही शिरला. कुत्रा आला तरी ‘डेन होंट’. पण ‘माणूस’ मात्र ‘डे मान’, न नाही. का? तर पुढचा शब्द स्वराने किंवा ह, ब, ड, ट ने सुरू झाला तरच न टिकतो. आणि लागतो तो फक्त पुल्लिंगी शब्दांना. म्हणजे ज्या प्रत्ययाचं काम ‘हे कर्म आहे’ सांगायचं होतं तो आता ‘हा पुल्लिंगी आहे’ सांगतो. नोकरी गेली पण ऑफिस सोडलं नाही, खातं बदलून घेतलं.

आरेकाठी

सायकलस्वार, ‘खातं बदलून घेतलं’ भारी! लक्झेंबर्गची एक आई आमच्याकडे येते. आत्ता तिला विचारलं: त्यांच्याकडेही प्रथमा-द्वितीया एक झाल्यात, पण आमच्या उलट. बर्नमध्ये ‘डेर’ जिंकला, त्यांच्याकडे ‘डेन’. कर्त्यालाही ‘डेन’च लावतात. जुना ‘डेर’ फक्त दोघांसाठी शिल्लक आहे म्हणाली: सैतानाला ‘डेर डैव्हल’ आणि देवाला ‘आयझर हेरगॉट’. देव आणि सैतान दोघांनीही जुनी प्रथमा धरून ठेवलीय, बाकी जनता पुढे गेली.

करवीरचे मास्तर

नमस्कार. मी कोल्हापुरात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. विद्यार्थी विचारायचे, ‘सर, इंग्रजीला विभक्ती नाहीत, किती सोपी भाषा!’ मी म्हणायचो, होत्या रे बाबा, चार होत्या, तुझ्या नशिबाने गेल्या.

गेल्या कशा हे बघायला मिळतं, आणि तेही एका वहीत. इंग्लंडात पीटरबरो नावाचं मठाचं गाव आहे. १११६ मध्ये मठाला आग लागली आणि बखर जळाली. मग भिक्षूंनी दुसरीकडून जुनी बखर आणून ती नकलून काढली आणि तिथून पुढे स्वतः नोंदी घालत ११५४ पर्यंत आणली. नकललेला भाग जुन्या प्रमाण इंग्रजीत आहे, तिथे विभक्तींचे प्रत्यय बऱ्यापैकी जागेवर आहेत. जिथे भिक्षू स्वतःच्या गावच्या बोलीत लिहायला लागतात तिथे ते ढासळतात. शेवटच्या नोंदींत तर ‘तो’, ‘त्याला’, ‘त्याचा’ अशा अर्थांनी बदलणारं ते जुनं दर्शक सर्वनाम, ज्याची डझनभर रूपं होती, ते सगळीकडे एकच होऊन बसलंय: आजचं ‘द’. पानं उलटताना विभक्ती गळताना दिसतात. हे हस्तलिखित आज ऑक्सफर्डला बॉडलियन ग्रंथालयात आहे.

मात्र इथे भाषा एका रात्रीत बदलली असं समजू नये. बोलीत ते आधीच झालं होतं. आगीमुळे जुनी वही गेली आणि नवी लिहायची वेळ आली म्हणून आपल्याला दिसलं, एवढंच.

बर्लिनकरांच्या ‘पाटी कोणाची’ या प्रश्नाला इंग्रजीचं उत्तर: चतुर्थीची. आजचे हिम, हर, देम, हूम हे चारही जुन्या चतुर्थीचे वंशज आहेत. जुनी द्वितीया ‘हिने’ होती, ती प्रमाण इंग्रजीतून गेली. पण नैर्ऋत्येकडच्या खेड्यांत, डॉर्सेट-सॉमरसेटच्या बाजूला, तिचं पिल्लू उरलं: ‘त्याला पाहिलं’ म्हणताना जुने लोक ‘अन’ म्हणत. तो ‘अन’ म्हणजे झिजलेला ‘हिने’. शहरी माणूस त्याला गावंढळ म्हणून हसायचा. ज्याला तो हसत होता तो शब्द त्याच्या स्वतःच्या ‘हिम’पेक्षा द्वितीयेला जास्त प्रामाणिक होता.

वऱ्हाडी ठेचा

मास्तर, शेवटच्या वाक्यासाठी तुमाले दंडवत. मी पुण्यात हॉस्टेलवर ‘मले’, ‘तुले’ म्हटलं की पोरं नक्कल करायची. ‘ला’च्या जागी ‘ले’ लावला तर चूक कशी होते भाऊ? विभक्ती तर लावलीच ना. बर्नवाल्यांनी तर लावलीच नाही, अन् त्याइची बोली युरोपची म्हणून गोड.

महाराष्ट्री

ठेचाभाऊ, +१. आणि गोव्याकडे अजून जुनं पडलंय. आपला ‘मी’ हा मुळात प्रथमाच नाही, तो ‘मया’चा, म्हणजे तृतीयेचा वंशज. ‘मी गेलो’ असं म्हणताना आपण एकेकाळच्या ‘माझ्याकडून’ला कर्ता करून बसलोय. ‘अहं’ची ओळ मराठीतून गेली. कोणी गोंयकार आहे का इथे?

फोंडेकार

आसा मरे! आमचं ‘हांव येतां’, म्हणजे मी येतो, आणि ‘हांवें खालें’, म्हणजे मी खाल्लं. ‘हांव’ हा ‘अहं’च्या ओळीतला. तुमचं ‘मी येतो’, ‘मी खाल्लं’, दोन्हीकडे मीच मी. मी मी करणारे म्हणतात ते उगाच नाही.

हिमकण

अप्सालाहून. इकडचं थोडक्यात सांगते आणि एका गावाबद्दल मात्र जरा जास्त.

स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, तिघींच्या प्रमाण भाषांत नामाच्या विभक्ती गेल्या, मास्तरांच्या इंग्रजीसारखंच ‘त्याला-तिला-त्यांना’ जुन्या चतुर्थीवर चाललंय. सध्या स्वीडनमध्ये ‘ते’ आणि ‘त्यांना’ (डे आणि डेम) यांवरून रण माजलंय, कारण बोलताना दोन्हीला ‘डॉम’ म्हणतात आणि लिहिताना विद्यापीठातली पोरंही चुकतात. सरळ ‘डॉम’च लिहूया म्हणणारे एका बाजूला, संस्कृती बुडाली म्हणणारे दुसऱ्या.

आता ते गाव. डालार्ना प्रांतात एल्व्हडालेन म्हणून खोरं आहे. तिथली बोली स्टॉकहोमच्या माणसाला कळत नाही. दोन-तीन हजार लोक बोलतात. त्या बोलीत प्रथमा, द्वितीया, चतुर्थी अशा तीन विभक्ती टिकल्या. लार्स लेव्हान्डर यांनी १९०९ मध्ये तिचं व्याकरण लिहिलं, आणि त्याच भागात रून या जुन्या उत्तर युरोपीय लिपीची एक स्थानिक शाखा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात होती. मी मागच्या उन्हाळ्यात गेले होते. एका आजींना विचारलं की तुमच्याकडे चतुर्थी अजून आहे का? त्या म्हणाल्या, ‘चतुर्थी म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण नातवंडं बोलतात ते कानाला टोचतं.’ त्यांना तक्ता माहीत नव्हता, पण कुठे काय गळलं ते बरोबर कळत होतं. तरुणांच्या बोलण्यात प्रथमा-द्वितीयेचा भेद आधी पुसट झाला, चतुर्थी जास्त तग धरून आहे. पुन्हा चतुर्थीच!

नॉर्वेतही काही खोऱ्यांत, गुडब्रान्सडालेनसारख्या, चतुर्थी आहे, पण फक्त ‘तो अमुक’ अशा निश्चित रूपांत.

कट्ट्यावरचा

म्हणजे डोंगरात राहिलं की विभक्ती टिकतात आणि बाजारपेठेत आलं की जातात. संपला धागा. कारण सापडलं.

हिमकण

नाही ना संपत. फेरो बेटं बघा, समुद्रात एकटी पडलेली, तिथे बोलण्यातून षष्ठी गेली. आइसलँडवर चारही आहेत. दोघी सख्ख्या बहिणी, दोघी बेटांवर.

पुस्तकांत पहिलं कारण देतात ते असं: जर्मानिक भाषांत जोर शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो, म्हणून शेवटची अक्षरं झिजतात, आणि प्रत्यय शेवटीच असतात. पण आइसलँडिकमध्येही जोर पहिल्याच अक्षरावर आहे, तिथे प्रत्यय छान शाबूत. दुसरं कारण, परक्यांशी संबंध: इंग्लंडात नॉर्स लोक, बर्गन आणि स्टॉकहोमला हान्सा या व्यापारी संघाचे लो जर्मन व्यापारी. हे बरंचसं पटतं, पण बर्न काही एकाकी खेडं नाही आणि तिथली चतुर्थी अडीच वर्षांचं पोर बिनचूक वापरतंय. मला तरी वाटतं एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही.

आणि आइसलँडची गंमत. तिथे ‘मला हवंसं वाटतं’ याला ‘मिग लांगार’ म्हणतात, द्वितीया. लोक म्हणायला लागले ‘म्येर लांगार’, चतुर्थी. मास्तरांनी त्याला नाव दिलं ‘थाउगुफाल्ससीकी’, म्हणजे चतुर्थीचा आजार! आता अभ्यासक सौम्य शब्द वापरतात, चतुर्थीकडे कल असं काहीतरी. मराठी माणसाला हा आजार जन्मतः आहे: मला भूक लागली, मला आठवतं, मला कंटाळा आला, मला आवडतं. माझी आइसलँडची मैत्रीण ‘म्येर लांगार’ म्हणून जीभ चावते, आणि मी म्हणते, बाई बिनधास्त बोल, आमच्याकडे नऊ कोटी माणसं असंच बोलतात.

टेक्सासचा तात्या

ऑस्टिनमधून. इथून तासाभरावर न्यू ब्राउनफेल्स आणि त्याच्या पुढे फ्रेडरिक्सबर्ग ही जर्मनांनी वसवलेली गावं, १८४५ आणि १८४६ ची. पहिल्या महायुद्धापर्यंत तिथे शाळा, चर्च, वर्तमानपत्रं सगळं जर्मन. आता बोलणारे फक्त म्हातारे उरलेत. इथल्या विद्यापीठात २००१ पासून त्यांची बोली ध्वनिमुद्रित करायचं काम चाललंय, १९६० च्या दशकातली जुनी मुद्रणं होतीच, त्यामुळे तुलना करता येते. चतुर्थी इथे जवळजवळ गेली. ‘त्या माणसाबरोबर’ला पुस्तकी जर्मन ‘मिट डेम मान’, हे म्हणतात ‘मिट डेन मान’.

तर हिमकण, तुमच्याकडे चतुर्थी जिंकते, आमच्याकडे तीच पहिली पडली. इंग्लिशमुळे असं सगळे पटकन म्हणतात. पण लक्षात घ्या, इथे आलेले लोक जर्मनीच्या दहा कोपऱ्यांतले होते. कोणाच्या बोलीत द्वितीया-चतुर्थी आधीच एक, कोणाच्या वेगळ्या. एका चर्चच्या ओट्यावर बसून बोलायला लागले की ज्या खुणा जुळत नाहीत त्या गळतात. परक्या भाषेपेक्षा शेजारची बोली जास्त कापते, असं माझं मत.

आरेकाठी

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! मी मात्र अजून ‘लूकाला त्याचं’वरच अडकलेय, कारण तात्या, सायकलस्वार, तुमच्याकडून मला एक धागा मिळाला. दक्षिण आफ्रिकेतली आफ्रिकान्स ही डचची लेक. तिच्यात ‘माणसाचं घर’ म्हणजे ‘डी मान से हेइस’. तो ‘से’ काय आहे माहितीये? डचमधला ‘त्याचं’, झिजलेला. म्हणजे मुळात ‘माणूस त्याचं घर’, आमच्या लूकाच्या जॅकेटचीच मांडणी! फक्त तिथे तो ‘त्याचं’ झिजून झिजून चिकट झाला, बाईमाणूस असो, अनेकवचन असो, सगळ्यांना तोच लागतो. आपल्या ‘चा’सारखा. षष्ठी गेली होती, ती मागच्या दाराने परत आली.

आणि ‘व्हिर’ म्हणून त्यांचा एक शब्द आहे. ‘मी यानला पाहिलं’मध्ये यानच्या आधी ‘व्हिर’ लावतात, ‘मी घर पाहिलं’मध्ये बहुधा लावत नाहीत. माणसाला ‘ला’, वस्तूला काही नाही. कुठे शिकले असतील आपलं व्याकरण!

अशीच उगवण इथेही आहे. मध्य स्वित्झर्लंडमध्ये आणि बव्हेरिया-ऑस्ट्रियाच्या काही भागांत ‘आईला सांग’ म्हणताना चतुर्थीच्या आधी एक ‘आ’ किंवा ‘इ’ लावतात: ‘सेग्स इ ड्र मुअतर’. चतुर्थीचं रूप आहेच, वर तिच्या डोक्यावर ही टोपी. मरायला टेकलेल्या विभक्तीला कोणी टोपी घालेल का?

करवीरचे मास्तर

अशा गोष्टी नकाशावर बघायच्या तर गेओर्ग वेंकर याचं काम बघा. १८७६ मध्ये ऱ्हाइनलँडमध्ये त्याने सुरुवात केली. पुढे चाळीस वाक्यं छापून गावोगावच्या शाळामास्तरांना पाठवली: तुमच्या पोरांच्या बोलीत लिहून द्या. चाळीस हजारांहून जास्त गावांतून उत्तरं आली. स्वित्झर्लंडमधली नंतर, १९२० च्या दशकापासून. सगळं मारबुर्गला आहे आणि आता नेटवर बघता येतं. चौथं वाक्य: तो भला म्हातारा घोड्यासकट बर्फ फुटून गार पाण्यात पडला. नववं: मी त्या बाईकडे गेलो होतो आणि तिला सांगितलं, ती म्हणाली ती आपल्या मुलीलाही सांगेल. चतुर्थीच्या शिकाऱ्यांना हे नववं वाक्य म्हणजे पर्वणी आहे.

आपल्याकडे ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात हेच काम बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीने केलं. ‘कोण्या एका माणसाला दोन मुलगे होते’ हे वऱ्हाडी, कोकणी, खानदेशी कोणकोणत्या बोलींत लिहून घेतलंय. मराठीचा खंड १९०५ चा, आणि तो तयार करणारे स्टेन कोनो हे नॉर्वेचे.

वऱ्हाडी ठेचा

मास्तर, म्हणजे आमचं ‘मले’ नॉर्वेच्या माणसानं छापून ठेवलं अन् पुण्याच्या हॉस्टेलले पत्ता नाही.

आरेकाठी

मास्तर, नववं वाक्य काल पाळणाघरात चार पालकांना म्हणायला लावलं. चौघांची चार गावं, चार तऱ्हा. एक वडील तर भांडायलाच लागले की शेजारच्या गावात असं म्हणत नाहीत. शेजारचं गाव चार किलोमीटरवर आहे.

आता माझ्याच घरचं. लेक साडेतीन वर्षांची आहे, घरी मराठी, बाहेर बर्न. काल व्हिडिओ कॉलवर सांगलीच्या आजीला तिने नवऱ्याची लोकरी टोपी दाखवली आणि म्हणाली, ‘आजी, ही बाबाला त्याची टोपी.’ एम पापी सीनी खाप्पे, शब्दाला शब्द!

आजी म्हणाली, ‘बाबाला कोणाची टोपी?’

‘त्याची.’

‘अगं पण कोणाची?’

‘बाबाला!’

पाच मिनिटं हे चाललं होतं. शेवटी तिने टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली आणि म्हणाली, ‘आता मला माझी.’